तिसरीसाठी काय निवडावं: १९ मुलांचा साधा वर्ग की २७ मुलांचा गिफ्टेड वर्ग? (अमेरिका, पब्लिक एलिमेंटरी)

अर्धविराम

नमस्कार मंडळी. मुलगी दुसरीत आहे, ऑगस्टमध्ये तिसरीत जाईल. स्कूल डिस्ट्रिक्टने हिवाळ्यात दुसरीच्या सगळ्याच मुलांची कॉगॅट (शिकण्याच्या क्षमतेची चाचणी) घेतली. ती गिफ्टेड (कुशाग्र मुलांसाठीच्या) कार्यक्रमासाठी पात्र असल्याचं पत्र आलंय आणि निवड कळवायला तीन आठवडे आहेत.

पर्याय १: आहे तीच शाळा. तिसरीच्या तीन तुकड्या, प्रत्येकी १९ मुलं. गिफ्टेडच्या नावाने आठवड्यातून एकदा, एक तास, वेगळ्या शिक्षिकेकडे नेतात.

पर्याय २: डिस्ट्रिक्टचं गिफ्टेड केंद्र असलेली दुसरी शाळा. तिसरीपासून पूर्णवेळ वेगळा वर्ग, पण पट २७. बस मिळते.

निकालाच्या कागदावर असं आहे: शाब्दिक ११८, संख्यात्मक १३७, आकृत्यांचा १२९, कॉम्पोझिट (तिन्हींचा एकत्रित) १३१, प्रोफाइल '९ बी (व्ही–)'. पात्रतेची अट कुठल्याही एका भागात किंवा कॉम्पोझिटमध्ये ९७ पर्सेंटाइल. घरी मराठी बोलतो, इंग्रजी वाचन वर्गाच्या बरोबरीने आहे.

पटातला आठचा फरक खरंच किती महत्त्वाचा? आठवड्याला एक तास पुरेसा असतो का? आणि शाब्दिक गुण कमी असताना पूर्णवेळ वर्गात पाठवावं का?

---

दुसरी_घंटा

पटाबद्दल आधी. अमेरिकेत यावरचा सगळ्यात भक्कम प्रयोग टेनेसीत झाला, १९८५ ते १९८९, प्रोजेक्ट स्टार या नावाने. ७९ शाळांमध्ये केजी ते तिसरीची मुलं आणि शिक्षक तीन प्रकारच्या वर्गांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले होते: १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि तेवढाच मोठा पण सोबत मदतनीस असलेला वर्ग. लहान वर्गातली मुलं वाचन आणि गणित दोन्हींत पुढे गेली. मदतनीसाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून 'पट २७ आहे पण मदतनीस देतो' असं कुणी सांगितलं तर त्यावर फार विसंबू नका.

पण हा पुरावा तुमच्या प्रश्नाला तसाच्या तसा लागू होत नाही. फायद्याचा मोठा भाग मूल लहान वर्गात आलं त्या पहिल्याच वर्षी दिसला आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांना तो जास्त झाला. शिवाय तिथे 'लहान' म्हणजे १५ च्या आसपास. त्या हिशेबाने १९ हा लहान वर्ग नव्हेच, मधला आहे.

पट कमी करण्याच्या नादात काय बिघडतं ते कॅलिफोर्नियात दिसलं. १९९६ साली राज्याने केजी ते तिसरीचा वर्ग २० वर आणणाऱ्या शाळांना मुलामागे ६५० डॉलर द्यायला सुरुवात केली. जवळजवळ सगळ्या डिस्ट्रिक्टनी उडी घेतली. एकदम हजारो शिक्षक लागले, तेव्हा पूर्ण परवाना नसलेल्यांना घ्यावं लागलं, आणि त्यांचं प्रमाण गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये सगळ्यात जास्त वाढलं. वर्गखोल्यांसाठी ग्रंथालयं आणि संगणक कक्ष रिकामे केले गेले. आणखी एक भानगड म्हणजे २० ची अट इतकी कडक होती की आकडा जुळवायला शाळा दोन इयत्तांची मुलं एका वर्गात बसवू लागल्या. कागदावर पट २०, प्रत्यक्षात शिक्षिकेसमोर पहिली आणि दुसरी एकत्र.

आता तुमच्या १९ कडे बघा. तीन तुकड्या गुणिले १९ म्हणजे ५७ मुलं. तुमच्यासारखंच पत्र आणखी काही घरांत गेलं असणार. त्यातली ९ मुलं केंद्राकडे गेली तर उरतात ४८, आणि तिसरीची मर्यादा २४ असेल तर शाळेला दोनच तुकड्या पुरतात. ज्या १९ साठी तुम्ही थांबणार तो ऑगस्टमध्ये २४ झालेला असू शकतो. म्हणून मर्यादा किती आणि तुकड्या कोणत्या तारखेच्या पटावरून ठरतात, या दोन गोष्टी ऑफिसात विचारा. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये शाळा सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी खरी शिरगणती होते आणि तेव्हाही एखादा शिक्षक दुसऱ्या शाळेत हलवतात. मुलांची ओळख झालेली असते आणि वर्ग मोडतो.

शाळेच्या संकेतस्थळावरचं '१५ला १ शिक्षक' हे गुणोत्तर बघूच नका. त्यात स्पेशल एज्युकेशन, वाचन तज्ज्ञ, संगीत, पीटी सगळे शिक्षक मोजलेले असतात. वर्गात बसलेली डोकी मोजा.

---

पर्सेंटाइल_काका

गुणांचा कागद उलगडून सांगतो.

कॉगॅटच्या प्रत्येक भागाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १६. म्हणजे १३२ ला दोन विचलनं पूर्ण होतात. विस्क या वैयक्तिक आयक्यू चाचणीत विचलन १५, तिथे तीच जागा १३० ला येते. दोन चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून 'दोन गुण कमी-जास्त' म्हणणं ही नेहमीची गफलत.

११८ म्हणजे साधारण ८७ पर्सेंटाइल: शंभरातल्या ८७ समवयस्कांच्या बरोबर किंवा पुढे. याला कमी म्हणणं धाडसाचं आहे. १२९ म्हणजे ९६, १३७ म्हणजे ९९. कॉम्पोझिट तिन्हींच्या साध्या सरासरीपेक्षा (१२८) वर दिसतो त्यात चूक काही नाही. तिन्ही भागांत एकदम वरचे गुण मिळवणारी मुलं एकाच भागात मिळवणाऱ्यांपेक्षा कमी असतात, म्हणून पट्टी पुन्हा मांडताना तो वर सरकतो.

प्रोफाइलमधला ९ हा तिन्ही भागांच्या स्टॅनाइनचा मध्यक (तुमचे ७, ९, ९). स्टॅनाइन म्हणजे गुणांच्या नऊ पायऱ्या, १ ते ९. 'ए' म्हणजे तिन्ही भाग सारखे, 'बी' म्हणजे एक भाग बाकी दोघांपासून ठळकपणे वेगळा, 'सी' म्हणजे एक उंच आणि एक खोल, 'ई' म्हणजे सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या भागात २४ किंवा जास्त गुणांचं अंतर. 'व्ही–' म्हणजे वेगळा असलेला भाग शाब्दिक आणि तो खाली. तुमच्याकडे अंतर १९ आहे, म्हणून 'ई' नाही, 'बी'.

दुसरीपर्यंतच्या कॉगॅटमध्ये मुलाला वाचावं लागत नाही. प्रश्न चित्रांचे असतात, सूचना तोंडी दिल्या जातात. पण शाब्दिक भागात वाक्यपूर्ती नावाचा एक गट आहे, त्यात इंग्रजी वाक्य ऐकून चित्र निवडायचं असतं. घरी दुसरी भाषा असलेल्या मुलांचे गुण तिथे जाऊ शकतात. इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी हा गट वगळून शाब्दिक गुण काढायची सोय चाचणीतच आहे. ती वापरली का, ते विचारा. तिसरीपासूनची कॉगॅट मात्र मूल स्वतः वाचतं, त्यामुळे पुन्हा चाचणी झाली तर शाब्दिक आकड्याचा अर्थ बदललेला असेल.

कुठल्याही एका दिवसाच्या गुणात चार-पाच इकडेतिकडे होणारच. १३७ मध्ये त्याची फिकीर नाही. ज्यांचं मूल १२८ किंवा १२९ वर अडकलंय त्यांनी मात्र डिस्ट्रिक्टचा नियम 'किंवा'चा आहे की 'आणि'चा ते बघावं. 'तीनपैकी एका भागात ९७' आणि 'कॉम्पोझिट ९७ आणि शिवाय वाचनात ९५' या दोन नियमांनी एकाच शाळेत दुप्पट-तिप्पट फरकाने मुलं निवडली जातात. मुलं तीच राहतात, बदलतो तो 'आणि'.

जाता जाता: तयारीची जाडजूड पुस्तकं आपल्या लोकांत फार चालतात. प्रश्नांचा साचा ओळखीचा होण्यापुरता एक सराव संच पुरे, आणि तो बहुतेक शाळा चाचणीआधी स्वतःच करून घेतात. त्यापुढे महिनोन्महिने घासून जे चार गुण वाढतात ते आकृत्या ओळखण्याच्या सवयीचे. वर्गात त्यांचा उपयोग नाही.

---

फळा_खडू

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. आता त्या वर्गांत दिवसभर काय होतं ते बघू, माझ्या मते निवड त्यावरच ठरावी.

आधी एक तास. बहुतेक राज्यांत वर्ष १८० दिवसांचं, म्हणजे ३६ आठवडे. पुल-आऊट (वर्गातून बाहेर नेऊन घेतलेला हा तास) सहसा सप्टेंबरअखेर सुरू होतो आणि वसंतातल्या राज्य परीक्षेच्या आठवड्यांत बंद पडतो. सुट्टीत बुडालेले सोमवार आणि शिक्षिकेच्या इतर शाळांमधल्या बैठका वजा जाता २५-२८ तास हाती लागतात. शाळेचे वर्षाचे तास हजाराच्या वर. म्हणजे अडीच टक्के वेळ. तो तास छानच असतो, मुलं त्याची वाट बघतात. पण त्यात कोडी, पूल बांधणे, रोबोट असं काहीतरी असतं आणि त्याचा तिसरीच्या गणिताशी संबंध नसतो. उरलेल्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांत मूल आधीच येत असलेली बेरीज करत बसतं. वर बाहेर गेल्यामुळे बुडालेला वर्गातला कागद घरी करून आणायला सांगतात ते वेगळंच. हे शेवटचं होत असेल तर थेट हरकत घ्या.

आता १९ च्या वर्गातलं गणित. साधारण तासाभराचा ब्लॉक: १५ मिनिटं सगळ्यांना एकत्र, मग १५-१५ मिनिटांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत एक गट शिक्षिकेजवळ आणि बाकीचे स्वतंत्र काम किंवा टॅबलेटवर. साध्या तिसरीत पहिलीच्या पातळीचंही मूल असतं आणि पाचवीच्याही. त्यामुळे गट किमान चार होतात. फेऱ्या तीन, गट चार: रोज एक गट सुटणार. कुठला सुटतो? ज्याची काळजी नाही तो. राज्य परीक्षेच्या उत्तीर्ण रेषेजवळची मुलं शिक्षिकेला रोज घ्यावीच लागतात, वरच्या गटाला टॅबलेट. पट १९ वरून १५ झाला तरी गट चारच राहतात, कारण मुलं कमी झाल्याने पातळ्यांचं अंतर कमी होत नाही. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण इथे आहे.

२७ च्या गिफ्टेड वर्गात पातळ्यांचा पसारा आखूड असतो. ९-९ चे तीन गट, फेऱ्या तीन, प्रत्येक गट रोज शिक्षिकेसमोर. पण तिथे तोटा लेखनात होतो. एका परिच्छेदावर मुलाशी बसून बोलायला पाच मिनिटं धरली तर २७ मुलांना सव्वादोन तास, १९ ला दीड तासापेक्षा थोडं जास्त. लेखनाचा ब्लॉक ४० मिनिटांचा आणि त्यातला निम्मा वेळ या बोलण्याला मिळतो. म्हणजे १९ च्या वर्गात मुलाची पाळी पाच दिवसांत येते, २७ च्या वर्गात सातव्या दिवशी. तुमच्या मुलीची तुलनेने कच्ची बाजू शाब्दिक आहे, ती इथे लागते: तिला गणितात मोठा वर्ग चालेल, लेखनात तो जाणवेल.

तेव्हा केंद्राला दोन गोष्टी विचारा. गणित एक वर्ष पुढचं असतं की तिसरीचंच 'खोलात'? आणि लेखनासाठी वर्ग विभागतात का? 'खोलात' हे उत्तर आलं तर नमुन्याचे दोन कागद मागा. बरेचदा खोली म्हणजे त्याच गुणाकाराचं पोस्टर.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, हे फारच उपयोगी आहे. ऑफिसात विचारलं. तिसरीची मर्यादा २४ आहे आणि तुकड्या जूनमधल्या पटावरून ठरतात. म्हणजे दुसरी_घंटा म्हणतात तसं १९ चे २४ होऊ शकतात.

मुख्याध्यापिकांनी दोन गोष्टी सुचवल्या: गिफ्टेड मुलं एकाच तुकडीत 'क्लस्टर' करू, किंवा गणिताला चौथीच्या वर्गात पाठवू. यातलं काय मागावं?

---

फळा_खडू

क्लस्टर म्हणजे इयत्तेतली ५ ते ८ ओळखलेली मुलं तीन तुकड्यांत वाटण्याऐवजी एका तुकडीत ठेवायची, उरलेल्या जागा इतर पातळ्यांनी भरायच्या. जमलं तर हे स्वस्तात मस्त आहे. वेगळा शिक्षक लागत नाही, बस लागत नाही. फसतं कुठे? एक, प्रशिक्षण नसलेल्या शिक्षिकेला ती तुकडी दिली तर. दोन, त्याच तुकडीत सगळ्यात मागे असलेली मुलंही घातली तर. नियम असा पाळायचा की क्लस्टरच्या तुकडीत अगदी मागचा गट नको, आणि इतर तुकड्यांत सरासरीच्या वरची मुलं राहिली पाहिजेत, नाहीतर बाकीच्या शिक्षिका रास्तपणे तक्रार करतात. तीन, तुकड्या तीनच्या दोन झाल्या तर ही मांडणी करायला जागाच उरत नाही.

क्लस्टर मिळालं तर गणितासाठी कॉम्पॅक्टिंग मागा. पद्धत सरळ आहे. घटक सुरू होण्याआधी घटकाच्या शेवटाची चाचणी पहिल्याच दिवशी द्यायची. ८५-९० टक्क्यांच्या वर आलं तर मूल तो घटक करत नाही, न आलेली दोनच कौशल्यं करतं आणि वाचलेले दिवस पुढच्या कामाला. रोजच्या सरावासाठी याचंच छोटं रूप: पानावरचे सगळ्यात अवघड पाच प्रश्न आधी. चार बरोबर आले की बाकीचे पंधरा माफ. यात नेहमी होणारी चूक म्हणजे वाचलेल्या वेळेचं काम आधी तयार नसणं. मग मूल 'दुसऱ्यांना शिकव' या कामाला लागतं. अधूनमधून ठीक, पण रोज तेच असेल तर ती बिनपगारी मदतनीस झाली.

चौथीत गणिताला पाठवण्यापूर्वी तिसरीत काय सुटेल ते बघा. कॉमन कोअर (इयत्तावार काय यावं याची सामाईक यादी) मानणाऱ्या राज्यांत गुणाकार-भागाकाराची ओळख, एकअंकी संख्यांचे गुणाकार तोंडपाठ, क्षेत्रफळ, संख्यारेषेवरचे अपूर्णांक आणि सममूल्य अपूर्णांक हे सगळं तिसरीचं आहे. चौथी सुरू होते ती बहुअंकी गुणाकाराने आणि पुढे समच्छेद अपूर्णांकांची बेरीज येते. बुद्धी कितीही असली तरी सात गुणिले आठला थांबून विचार करणारं मूल तिथे रडकुंडीला येतं. उपाय: मेमध्ये तिसरीच्या वर्षअखेरची चाचणी घ्यायला लावा, पाय कच्चे दिसतील तेवढेच सुट्टीत भरा.

मग वेळापत्रक. तिसरी आणि चौथीचा गणिताचा ब्लॉक एकाच वेळी नसेल तर ती चौथीच्या गणिताला जाईल तेव्हा तिसरीचं वाचन बुडेल. ही मागणी मे-जूनमध्ये वेळापत्रक बनतानाच करावी लागते, सप्टेंबरात दार बंद. आणि शेवटचा खड्डा पाचवीत: तिला तेव्हा सहावीचं गणित लागेल आणि सहावी मिडल स्कूलमध्ये. काही डिस्ट्रिक्ट सकाळी बसने मिडल स्कूलला नेऊन परत आणतात, काही संगणकावर कोर्स देतात, आणि काही सरळ पाचवीचं गणित पुन्हा करायला लावतात. तीन वर्षांनंतरची योजना आजच लेखी मागा.

---

दुसरी_घंटा

फळा_खडू यांच्याशी बहुतांशी सहमत, पण पूर्णवेळ गिफ्टेड वर्गाचा फायदा गृहीत धरू नये असं मला वाटतं.

फ्लोरिडातल्या एका प्रचंड मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये नियम असा होता की शाळेत चौथी-पाचवीत एक जरी गिफ्टेड मूल असेल तर वेगळा वर्ग काढायचा, आणि उरलेल्या जागा त्याच शाळेतल्या आदल्या वर्षी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या, पण आयक्यूची रेषा न ओलांडलेल्या मुलांनी भरायच्या. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. आयक्यूवर आत आलेल्यांच्या गुणांत फारसा फरक दिसला नाही. उरलेल्या जागांवर बसलेल्या मुलांचे, त्यातही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे गुण चांगलेच वाढले. अशा वर्गाचा लाभ कुणाला होतो याबद्दलची आपली समजूत यात उलटीपालटी होते. ज्यांचं मूल थोडक्यात हुकलंय त्यांनी 'रिकाम्या जागा कशा भरता' हे नक्की विचारावं.

सरसकट चाचणीचंही तसंच. फ्लोरिडातल्याच ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये दुसरीतल्या प्रत्येक मुलाची शब्दाविना होणारी चाचणी सुरू केली. त्याआधी पालक किंवा शिक्षकाने नाव सुचवलं तरच पुढची पायरी होती. सरसकट चाचणीने गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची गिफ्टेडमधली संख्या एकदम वाढली. मुलं आधीही शाळेतच होती, त्यांचं नाव कुणी सुचवत नव्हतं इतकंच. त्यामुळे 'आमच्याकडे शिक्षक शिफारस करतात' असं म्हणणाऱ्या शाळेत स्वतः लेखी अर्ज करणं भाग आहे.

---

कोपरा_बाक

इतर राज्यांतून वाचणाऱ्यांसाठी, कारण हा धागा शोधून लोक येतील. गिफ्टेड शिक्षण देणं शाळेवर बंधनकारक करणारा फेडरल कायदा नाही. १९८८ चा जेव्हिट्स कायदा संशोधन आणि प्रकल्पांना पैसे देतो, मुलाला हक्क देत नाही. स्पेशल एज्युकेशनसारखी ढाल इथे नाही. सगळं राज्यावर, आणि बरंच डिस्ट्रिक्टवर.

पेन्सिल्व्हेनियात पात्र मुलाला लेखी वैयक्तिक योजना मिळते, तिला जीआयईपी म्हणतात, आणि न पाळल्यास सुनावणी मागता येते. जॉर्जियात मानसिक क्षमता, संपादणूक, सर्जनशीलता आणि प्रेरणा या चारपैकी कुठल्याही तीन निकषांत बसूनही पात्र होता येतं. टेक्सासमध्ये गिफ्टेडना शिकवणाऱ्या शिक्षकाला ३० तासांचं प्रशिक्षण आणि पुढे दरवर्षी ६ तास सक्तीचे. ते झालंय का हा तिथल्या पालकांचा साधा, चोख प्रश्न. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये गिफ्टेडचा वेगळा निधी सर्वसाधारण सूत्रात मिसळला, तेव्हापासून एका डिस्ट्रिक्टचा कार्यक्रम भरभक्कम आणि शेजारच्याचा नावापुरता. न्यूयॉर्क शहराने चार वर्षांच्या मुलांची चाचणी बंद केली, आता केजीसाठी प्री-केच्या (केजीआधीच्या वर्गाच्या) शिक्षकांचं नामांकन आणि मग सोडत.

पटाचंही तेच. फ्लोरिडात २००२ च्या घटनादुरुस्तीने तिसरीपर्यंत १८, चौथी ते आठवी २२, पुढे २५. टेक्सासमध्ये चौथीपर्यंत २२, पण सूट मागता येते आणि सर्रास मिळते. न्यूयॉर्क शहरासाठी २०२२ च्या कायद्याने तिसरीपर्यंत २०, आठवीपर्यंत २३, हायस्कूलला २५, टप्प्याटप्प्याने. कॅलिफोर्नियात आता तिसरीपर्यंत शाळेची सरासरी २४, शिक्षक संघटनेशी वेगळा करार असेल तर तो. 'मर्यादा' आणि 'सरासरी' हे दोन शब्द नीट वाचा: सरासरी २४ असलेल्या शाळेत एक वर्ग २८ चा असू शकतो.

राज्य बदलताना गिफ्टेडचा दर्जा सोबत येत नाही. जुन्या चाचणीचा मूळ अहवाल (पत्र नव्हे, गुणांचा कागद) जपून ठेवा. काही डिस्ट्रिक्ट एक-दोन वर्षांच्या आतला ग्राह्य धरतात.

प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेच्या फॉर्मवर 'मराठी' लिहिलं की इंग्रजीची चाचणी होते. ती टाळण्यासाठी 'इंग्रजी' लिहू नका. पर्सेंटाइल_काका म्हणतात ती वाक्यपूर्ती वगळण्याची सोय आणि काही ठिकाणची वेगळी पात्रता रेषा त्याच नोंदीवर मिळते. फक्त इंग्रजीचा वेगळा तास लागलाच तर तो गिफ्टेडच्या तासावर येत नाही ना ते बघा.

अर्धविराम, तुमच्यासाठी: दोन्ही शाळांना एकच ईमेल पाठवा, म्हणजे उत्तरं शेजारी ठेवता येतील. चार-पाच ओळी पुरेत. ऑगस्टमध्ये तिसरीच्या किती तुकड्या अपेक्षित आहेत? गणितात कोणत्या इयत्तेचा अभ्यासक्रम आणि घटकाआधी पूर्वचाचणी होते का? लेखनाच्या वेळी वर्गात किती मोठी माणसं? शिक्षिकेचं गिफ्टेडचं प्रशिक्षण झालंय का? आणि केंद्रातून परत यायचं झालं तर मूळ शाळेत जागा राखीव असते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच ठिकाणी 'वर्षाच्या मध्ये नाही' असं असतं आणि ते आधी कुणी सांगत नाही.

मुलीच्या फाइलमधले चाचणीचे सगळे कागद बघण्याचा हक्क फर्पा कायद्याने तुम्हाला आहे, शाळेने ४५ दिवसांच्या आत ते दाखवायचे असतात. तुमच्याकडे तीन आठवडेच आहेत, म्हणून ईमेलमध्ये निवडीची तारीख लिहा आणि मॅपचे (वर्षातून तीनदा होणाऱ्या गणित-वाचनाच्या चाचणीचे) शरद, हिवाळा आणि वसंत असे तिन्ही वेळचे गणित-वाचनाचे आकडे त्याआधी मागा. गणिताचा आकडा चौथीच्या मुलांच्या मधल्या आकड्याच्या आसपास असेल तर चौथीत पाठवण्याची मागणी नुसत्या कॉगॅटपेक्षा जास्त वजनदार होते. कॉगॅट सांगते मूल किती झपाट्याने शिकू शकेल, मॅप सांगते आत्ता कुठे आहे. मुख्याध्यापिका दुसरा कागद आधी उघडतात.

---

अर्धविराम

ईमेल आजच दोन्हीकडे धाडते. मॅपचे शरद आणि हिवाळ्याचे आकडे आहेत, वसंताचा पुढच्या आठवड्यात होईल.

---

पर्सेंटाइल_काका

तिन्ही आकडे एकत्र बघा, वसंताचा एकटा नको. लहान मुलांत एखाद्या दिवशी कंटाळून भराभर उत्तरं दाबली की आकडा दहा-दहाने घसरतो. अहवालात चाचणीला लागलेली मिनिटं दिलेली असतात. एरवी ४५ मिनिटं घेणाऱ्या मुलीने १८ मिनिटांत उरकलं असेल तर तो आकडा बाजूला ठेवून पुन्हा चाचणी मागा.